तीन तारांतली एक

"दोन्ही कॉम्प्युटर चालू आहेत. केबल कुठं तुटलेली नाही. मग एकाचं दुसऱ्याला ऐकू का जात नाही?"

उस्तादांनी मान वर केली नाही. समोर एक जुना ट्रान्झिस्टर पोट उघडून पडला होता आणि त्यातला एक बारीक स्क्रू त्यांना सापडत नव्हता.

"सांगा ना. अडतंय कुठं?"

"बसा," उस्ताद म्हणाले.

ती बसली नाही.

याकूब अत्तार यांना करमाळ्यात सगळे उस्तादच म्हणत. सोलापूरच्या तारघरात चौतीस वर्षं त्यांनी टेलिप्रिंटर दुरुस्त केले. आता वय अठ्ठ्याहत्तर. पुतण्याचं अत्तराचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत ते बसत. लोक जुनी यंत्रं घेऊन येत. दुरुस्त झाली तर घेऊन जात, नाही झाली तरी घटकाभर बसून जात.

आलेली बाई चाळिशीला टेकलेली. पुण्याहून स्वतः गाडी चालवत आली होती. खांद्यावरच्या पिशवीतून तिनं लॅपटॉप काढला, एक करडी केबल काढली, आणि आपण लोंढे मास्तरांची मुलगी असं सांगितलं. पुढे न विचारता हेही सांगितलं की एका मोठ्या कंपनीत हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस एकमेकांशी बोलत असतात आणि ते सगळे तिच्या देखरेखीखाली आहेत.

तिचं नाव सारिका. ते मात्र तिनं सांगितलं नाही, आणि उस्तादांनी विचारलं नाही.

गोष्ट अशी होती.

दिगंबर लोंढे मास्तर उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावात राहत. शाळा सुटली की पाण्यावर जाऊन पक्षी मोजायचे, ही त्यांची आयुष्यभराची सवय. एका कॉलेजनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला होता आणि त्यावर ते रोज संध्याकाळी त्या दिवसाची नोंद लिहीत. एकवीस वर्षं लिहिली. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. वाचा गेली.

आता ते ओसरीवर खुर्चीत बसून पाण्याकडे बघत.

त्या कॉम्प्युटरची फ्लॉपी कधीच बिघडली होती. आतली डिस्क इतक्या जुन्या पद्धतीची की आजच्या कुठल्याच यंत्राला जोडता येत नव्हती. बाहेर यायला एकच वाट उरली होती. पाठीमागचं सीरियल केबलचं तोंड. आणि डिस्क सुरू करताना घरघरत होती. आज आहे, उद्या नसेल, अशी तिची अवस्था.

"त्यात त्यांचे शब्द आहेत," ती म्हणाली. "आता तेवढेच आहेत."

हे बोलताना ती पहिल्यांदा स्टुलावर बसली.

उस्तादांनी ट्रान्झिस्टर बाजूला सारला. टेबलाच्या खणातून कागदाला लावायची एक टाचणी घेतली, ती वाकवून तिचा आकडा केला, आणि केबलच्या मोकळ्या टोकाच्या दोन भोकांत खोचला. मग तिला लॅपटॉपवर काहीतरी लिहायला सांगितलं.

तिनं लिहिलं, अप्पा.

पडद्यावर अक्षरं उमटली. लॅपटॉपमधून निघालेली, केबलभर जाऊन, आकड्यापाशी वळून परत आलेली.

हे तर आपण पहिल्याच दिवशी करून पाहिलं होतं, असं ती म्हणाली.

"काय दिसलं होतं?"

"मी लिहिलेलं मला दिसलं. म्हणजे इथवर सगळं ठीक."

"हो..." उस्ताद म्हणाले. "इथवर ठीक."

त्यांनी केबलच्या दोन्ही टोकांची टोपणं उघडली, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग टोक तिच्यापुढे धरलं. एका बाजूला दोन नंबरच्या पिनेला लाल तार होती, दुसऱ्या बाजूलाही दोन नंबरलाच लाल. तीन नंबरला दोन्हीकडे पांढरी.

तिला कळायला क्षणभर वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिच्या यंत्राची बोलायची तार अप्पांच्या यंत्राच्या बोलायच्या तारेला जोडलेली होती. ऐकायची ऐकायच्या तारेला. तीन आठवडे दोन्ही यंत्रं एकाच तारेवर बोलत होती, आणि दुसऱ्या तारेवर दोन्ही कान लावून बसली होती. त्या तारेवर कुणीच नव्हतं.

वीस वर्षांत आपण एकही केबल उघडून बघितली नाही, हे तिनं कबूल केलं. आताच्या केबलींना त्याची गरजच पडत नाही, असंही लगेच जोडलं.

उस्तादांनी दोन्ही तारा एका टोकाला सोडवल्या, एकमेकींवरून ओलांडून नेल्या आणि कथलाचा डाख देऊन जोडल्या. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी. तिसरी काळी तार होती, जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. ती त्यांनी तशीच ठेवली. बाकीच्या तारा कापून टाकल्या.

"चला," ते म्हणाले.

"कुठं?"

"तुमच्या वडिलांकडं."

त्याची काही गरज नाही, आता आपलं आपण करू शकू, असं तिनं दोनदा सांगितलं. तोवर उस्तादांनी पिशवी खांद्याला लावून पायात चपला सरकवल्या होत्या.

गाडीत ती सारखी बोलत होती. केबलच सरळ निघाली, त्यात आपला दोष नाही. विकणाऱ्यानं लिहायला हवं होतं. मध्येच तिनं विचारलं की तारघरात असताना उस्तादांचं काम नेमकं काय होतं.

उस्तादांनी सांगितलं ते थोडंच होतं. सकाळी नऊला प्रत्येक गावाची लाइन तपासायची. गुलबर्ग्याच्या टोकाला शरणप्पा नावाचा माणूस असायचा. उस्ताद विचारायचे, आहेस का. पलीकडून टक्‌टक् करत अक्षरं यायची, आहे. रोजचं तेवढंच बोलणं. अकरा वर्षं. एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावर उस्ताद गुलबर्ग्याला गेले, पत्ता काढत घरी पोचले. शरणप्पाला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

"मग?"

"त्याच्या बायकोनं चहा दिला. पिऊन आलो."

...

गाडी डांबरी सोडून मातीच्या रस्त्याला लागली.

मास्तर ओसरीवर होते. पांढरा सदरा, गुडघ्यावर पांघरूण, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर. समोर पाणी ओसरून गाळाचा लांबच लांब पट्टा उघडा पडला होता आणि त्यावर पाखरं बसली होती. घराची देखभाल शेजारच्या कोंडाबाई करत. त्या आतून पाणी घेऊन आल्या.

सारिका खुर्चीपाशी वाकली.

"अप्पा, बरं आहे ना? जेवलात? औषध घेतलंत? हे उस्ताद आहेत, करमाळ्याचे. तुमचा कॉम्प्युटर बघायला आलेत. चालेल ना? कोंडामावशी, औषध दिलं का हो यांना?"

मास्तरांचे ओठ हलायला लागले होते. तोवर ती आत गेलेली होती.

उस्ताद आत गेले नाहीत. त्यांनी ओट्याची कड धरली आणि मास्तरांच्या शेजारी, पाण्याकडे तोंड करून बसले. त्यांनी काही विचारलं नाही.

आतून तिनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ते उठले.

आतल्या खोलीत खिडकीखाली ते यंत्र होतं. जाडजूड, पिवळट पडलेलं, उशीच्या अभ्र्यानं झाकलेलं. पडद्याच्या कडेला मास्तरांच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर लिहिलं होतं, पाठव. तो त्यांनीच केलेला एक छोटा प्रोग्रॅम होता, असं सारिकानं सांगितलं. पूर्वी पुण्यातली एक पक्षिमित्र मंडळी दर महिन्याला टेलिफोनच्या तारेवरून या नोंदी मागवून घेत. त्यांचं काम पुढे बंद पडलं. मास्तरांचं लिहिणं चालूच राहिलं. कुणाला पाठवायचं नसताना.

तिनं बटण दाबलं. डिस्क घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. हिरवी अक्षरं उजळली. तिनं दुरुस्त केलेली केबल जोडली आणि चिठ्ठीवरचा तो शब्द रोमन अक्षरांत टाइप केला.

लॅपटॉपच्या पडद्यावर काहीतरी धावत आलं.

ती अक्षरं नव्हती. चौकोन, प्रश्नचिन्हं, कसली तरी नक्षी.

ऐकू येत होतं, पण समजत नव्हतं. दोघांचा वेग वेगळा होता. आता हे मात्र तिला माहीत होतं. पाठवणारा ज्या वेगानं बोलतो त्याच वेगानं ऐकणाऱ्यानं ऐकावं लागतं, नाहीतर शब्दांचा चिखल होतो. ती सर्वांत वरच्या वेगापासून एकेक उतरून बघायला लागली. प्रत्येक वेळी जुनं यंत्र नव्यानं सुरू करावं लागे, आणि प्रत्येक वेळी डिस्कची घरघर आधीपेक्षा लांबत होती.

तिसऱ्या वेळी उस्तादांनी तिचा हात धरून थांबवला.

"वेग कुणाला माहीत असेल?"

"अप्पांना. पण त्यांना बोलता येत नाही."

"विचारलंस?"

"पन्नासदा विचारलं असेल."

"माझ्यासमोर विचार."

ती ओसरीवर गेली. खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. तिला खरंच हवं होतं ते उत्तर, आवाजावरूनच कळत होतं.

"अप्पा, त्या कॉम्प्युटरला वेग किती लावला होता? सीरियलचा वेग? नऊ हजार सहाशे? का चोवीसशे? अप्पा, माझ्याकडे बघा ना. बाराशे? तीनशे? कुठं लिहून ठेवलंय का? वहीत? नाही आठवत?... बरं, राहू दे. राहू दे, दमू नका."

ती उठून उभी राहिली. डोळे भरले होते, ते तिनं दुसरीकडे बघून पुसले.

"बघितलंत?" ती म्हणाली. "आठ महिने हेच."

उस्ताद पुन्हा ओट्याच्या कडेवर बसले. या वेळी पाण्याकडे पाठ करून, मास्तरांसमोर.

"मास्तर," ते म्हणाले, "वेग किती?"

आणि गप्प बसले.

...

मास्तरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. कोंडाबाईंनी चहा आणून ठेवला. गाळाच्या पट्ट्यावरून एक बगळा उठला, जरासा पुढे जाऊन पुन्हा बसला.

सारिकानं बोलायला तोंड उघडलं. उस्तादांनी तिच्याकडे न बघता तळहात वर केला.

चहावर साय धरली.

मास्तरांच्या कपाळावर एक आठी आली. डोळे मिटले, उघडले. ओठ जुळले आणि सुटले. कुणीतरी लांबच्या विहिरीतून भरलेली घागर वर ओढत असावं तसं त्यांच्या गळ्याशी काहीतरी वर येत होतं आणि परत खाली जात होतं.

...

मग डावा हात दांड्यावरून उचलला गेला. एक बोट उभं राहिलं.

उस्ताद वाट बघत राहिले.

हात खाली गेला. पुन्हा वर आला. या वेळी दोन बोटं.

"बारा," उस्ताद म्हणाले. "बाराशे."

मास्तरांनी मान हलवली. खालून वर, फार हळू.

सारिका भिंतीला टेकून उभी होती. बाराशे तर आपण आत्ताच विचारलं होतं, एवढंच ती पुटपुटली. ते कुणाला ऐकू जावं असं तिलाही वाटत नव्हतं.

आत जाऊन तिनं वेग बाराशे केला. चिठ्ठीवरचा शब्द पुन्हा लिहिला.

अक्षरं आली. खरी अक्षरं. रोमन लिपीतलं मराठी, कारण त्या यंत्राला दुसरी लिपी येत नव्हती. तारीख होती, जून महिन्यातली, एकवीस वर्षांपूर्वीची. त्यापुढे: *पाणी कमी. चित्रबलाक नऊ...*

आणि थांबलं.

तिनं पुन्हा सुरू केलं. तीच तारीख, तेच नऊ चित्रबलाक, आणि पुन्हा थांबलं. चौथ्या वेळेला तिनं टेबलावर हात आपटला.

उस्ताद दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीनं बघत होते. लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका सारखा उघडझाप करत होता. तो काय आहे, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं की तिचा प्रोग्रॅम दर सेकंदाला पलीकडच्या यंत्राला विचारत असतो. आहेस का, तयार आहेस का, पुढचं पाठव. आताचे सगळे प्रोग्रॅम असंच करतात. त्यामुळे काही निसटत नाही.

उस्तादांनी मग जुन्या यंत्रावर मास्तरांचा तो प्रोग्रॅम उघडायला लावला. तो जेमतेम पंधरा ओळींचा होता. ती एकेक ओळ वाचून अर्थ सांगत गेली. नोंदीची ओळ घे. तारेवर पाठव. पलीकडून काही आलंय का बघ. आलं असेल तर...

ती थांबली.

"आलं असेल तर?" उस्तादांनी विचारलं.

"पाठवणं थांबव आणि ऐक."

...

"मास्तरांनी त्याला तसं शिकवलंय," उस्ताद म्हणाले.

आपला प्रोग्रॅम बदलून त्याचं ते विचारणं बंद करता येईल, तासाभराचं काम आहे, असं ती म्हणाली. तिनं खुर्ची पुढे ओढली. डिस्क घरघरत होती.

उस्तादांनी खिशातून कटर काढला. तिला काही कळायच्या आत त्यांनी केबल हातात घेतली, तिच्या लॅपटॉपकडून निघणारी लाल तार ओढून वेगळी केली आणि कापली.

ती ओरडलीच. इतक्या खटपटीनं केबल चालायला लागली होती.

"आता पाठव म्हणावं त्याला," उस्ताद म्हणाले.

आता तीनपैकी दोनच तारा उरल्या होत्या. अप्पांच्या यंत्राचं तोंड तिच्या यंत्राच्या कानाशी, आणि दोघांची जमीन. तिच्या यंत्राला काहीही म्हणायची सोय राहिली नव्हती.

तिनं तो शब्द लिहिला.

पाणी कमी. चित्रबलाक नऊ. वारा पश्चिमेचा. आणि मग दुसरा दिवस. मग तिसरा. ओळी वर सरकायला लागल्या. सेकंदाला साधारण एक दिवस. थांबल्या नाहीत.

दोघं बघत बसले. रोहित चाळीस. चक्रवाक बारा. धुकं, दिसलं नाही. थापट्या पुष्कळ, मोजता आले नाहीत. शाळेत तपासणी, उशिरा गेलो. शेराटी दोन. मास्तर कधी स्वतःविषयी याहून जास्त लिहीत नव्हते. पक्षी, पाणी, वारा.

आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक छोटी ओळ.

उस्तादांना रोमन अक्षरं वाचायची सवय होती. चौतीस वर्षं त्यांनी तीच वाचली होती. ते ओठ हलवत वाचत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं.

"हा सारिका कोणता पक्षी? रोज लिहितात. सारिका नाही. सारिका नाही... साळुंकीचं दुसरं नाव का?"

ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

ओळी जात होत्या. *सारिका नाही. सारिका नाही. सारिका फोन, चार मिनिटं. सारिका नाही. सारिका नाही. सारिका आली, दोन दिवस. सारिका गेली, सकाळी सहा. सारिका नाही.*

ज्या जूनमध्ये ती शिकायला पुण्याला गेली, त्या जूनपासूनच्या या नोंदी होत्या.

उस्तादांनी तिच्याकडे बघितलं. मग दाराकडे. उघड्या दारातून ओसरी दिसत होती. मास्तरांनी मान वळवली होती. त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्यांचा डावा हात सावकाश उचलला जात होता. एक बोट पुढे आलं आणि तिच्याकडे वळलं.

उस्तादांनी नजर परत पडद्याकडे वळवली.

दीड तास गेला. कोंडाबाईंनी जेवायला दोनदा बोलावलं, दोनदा परत गेल्या. वर्षं जात होती. फोनची मिनिटं कमी होत होती. चारची तीन झाली. तीनची दोन. तिला नोकरी लागली तो दिवस आला. त्या दिवशी रोहित पक्षी शंभरावर होते आणि तिचा फोन एका मिनिटाचा होता. आईच्या वर्षश्राद्धाचा दिवस आला. *सारिका नाही.* तिला तेव्हा काय काम होतं, ते तिला आठवेना.

पंधरावं वर्ष चालू होतं. मार्च महिना, अकरा तारीख.

*पाणी झपाट्यानं उतरतंय. पट्टकादंब आज गेले, शेवटचे सात. सारिका*

आणि डिस्कमधून एक आवाज आला. घरघर नव्हे. धातूवर नख ओढल्यासारखा. मग तोही थांबला. हिरवा पडदा तसाच उजळलेला राहिला, त्यावर काही हलेना.

तिनं बंद करून चालू केलं. पुन्हा केलं. उस्तादांनी यंत्राचं टोपण काढलं, आतल्या पेटीवर तळहात ठेवला, कान टेकवला. बराच वेळ ऐकलं. मग भिंतीचं बटण बंद केलं आणि उशीचा अभ्रा उचलून यंत्रावर घातला.

सहा वर्षं आत राहिली होती.

"काहीतरी करा ना," ती म्हणाली. दुपारपासून पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता. "कुणी तरी असेल. मुंबईला, बंगळूरला. कुणाला तरी येत असेल."

उस्तादांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

ती लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होती. शेवटची ओळ. सारिका, आणि पुढे काहीच नाही. त्या अकरा मार्चला आपण आलो होतो की नव्हतो? फोन केला होता? तिनं आठवून पाहिलं. तो दिवस तिच्याकडे नव्हता. तो फक्त मास्तरांकडे होता.

ती उठली आणि ओसरीवर गेली.

उन्हं कलायला लागली होती. गाळाच्या पट्ट्यावर पाखरांची गर्दी वाढली होती. तिनं दाराशी पडलेलं पोतं ओढलं आणि मास्तरांच्या समोर बसली. बसल्यावर तिच्या तोंडाशी एकदम खूप काही आलं, ते दिसत होतं. माफी होती, सहा वर्षं होती, आई होती. तिनं ओठ घट्ट मिटले. गिळलं.

मग एकच विचारलं.

"अप्पा, पट्टकादंब गेले त्या दिवशी माझ्या नावापुढे काय लिहिलंत?"

...

मास्तर तिच्याकडे बघत राहिले.

तिचे हात मांडीवर होते. एकदा ते उचलले गेले, तिनं परत ठेवले. आत कोंडाबाईंनी भांडी आवरायला घेतली आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, थांबवली.

...

पाण्यावरून वारा आला. मास्तरांच्या गुडघ्यावरचं पांघरूण सरकलं. ते सावरायला ती पुढे झाली नाही, कारण त्यांचे ओठ जुळले होते.

...

सुटले. पुन्हा जुळले.

आठी आली, गेली. गळ्याची शीर ताठ झाली. डाव्या हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा धरला.

...

आणि आवाज आला.

खरबरीत, बसलेला, मधेच फाटलेला. आठ महिन्यांत पहिला. एकच शब्द होता. कदाचित दोन असतील. तोंडाच्या एका कोपऱ्यातून तो बाहेर पडला आणि वाऱ्यात गेला.

सारिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं अंग पुढे टाकून ऐकलं होतं, सगळ्या जिवानिशी ऐकलं होतं, आणि तरी तो शब्द तिच्या हाती लागला नव्हता. आली म्हणाले होते की नाही म्हणाले होते? की तिसरंच काही?

मास्तर दमून मागे टेकले होते. पण त्यांचे डोळे तिच्यावरून हलले नव्हते.

तिनं मान वळवली. दारात उस्ताद उभे होते, पिशवी खांद्याला लावून.

"उस्ताद," ती म्हणाली, "तुम्ही इथंच होतात. काय म्हणाले अप्पा?"

उस्ताद चपला घालत होते. एक घातली. दुसरी शोधली, तीही घातली.

"मला कसं कळणार, बेटा?" ते म्हणाले. "ते तुझ्याशी बोलत होते."